छापलेलं कपाळ

बारामतीत आमचा फोटोचा धंदा होता. दुकानावरची पाटी आमच्या ह्यांच्या नावाची, पण लोकांना देखणं करण्याचं काम माझ्याकडे. हे काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटो काढत, अंधाऱ्या खोलीत काच धुऊन वाळवत, आणि मग ती काच माझ्या पुढ्यात येई. खिडकीपाशी उतरत्या मेजावर ती ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने तिच्यावर हात फिरवायचा. देवीचे वण भरून काढायचे, डोळ्यांखालची काळी छाया हलकी करायची. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात दिवसभर डोळे फोडायचं काम. गिऱ्हाइकाने जास्त काही मागितलं की मी फाडकन बोलत असे. जळोचीची एक म्हातारी गळ्यात नसलेली पुतळ्यांची माळ फोटोत रेखून द्या म्हणून हटून बसली, तेव्हा मी तिला सोनाराकडे जा म्हणून सांगितलं. ती गेली, आणि तिच्याबरोबर तिच्या तीन सुनाही न फोटो काढता गेल्या. त्या दिवशी हे माझ्याशी बोलले नाहीत.

ह्यांचं म्हणणं असं, की माणूस फोटो काढतो तो आपण बरं दिसावं म्हणून, मग नको म्हणणारे आपण कोण? माझं म्हणणं असं, की असलेला वण भरणं वेगळं आणि नसलेली माळ घालणं वेगळं. वण भरला तरी माणूस तेच राहतं. माळ घातली की फोटोत दुसऱ्याच घरची बाई बसते. यावरून आमचं कितीदा वाजलं असेल त्याला गणती नाही. निकाल कधी लागायचा नाही, जेवायची वेळ व्हायची एवढंच.

पुण्याच्या एका मासिकाला हे अधूनमधून फोटो पाठवत. शेतीची माहिती, घरसंसार, थोडी गोष्ट, थोडी कविता असं ते मासिक. आमच्याकडे निरेच्या कालव्यामुळे बागायत वाढलेली, म्हणून संपादकांना इकडचे मळे हवे असत. फोटोखाली ह्यांचं नाव बारीक अक्षरांत छापून येई. तो अंक हे दुकानात दर्शनी ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष तिकडे कसं जाईल ते बघत. मी चिडवायची, पण मलाही बरं वाटे, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळी अंकासाठी भाजीपाल्याचा मळा पाहिजे असं त्यांनी कळवलं. कुणीतरी शेळगावच्या एका बाईचं नाव सुचवलं. तरणी विधवा, मूलबाळ नाही, नवऱ्यामागे त्याच्या वाटणीचं रान स्वतः करते आणि वांगी-दोडक्याच्या पाट्या इंदापूरच्या बाजारात पाठवते. बाईमाणसाचा फोटो म्हणून हे मला बरोबर घेऊन गेले. सर्व्हिस मोटारीने शेळगावला उतरून आम्ही बांधाबांधाने तिच्या रानात पोचलो.

ती माझ्याच वयाची होती. उन्हाने रापलेली, बोलायला मोकळी. फोटोचं नाव काढताच मात्र तिने पदर पुढे ओढला.

"बोडक्या कपाळाचा फोटू कशाला वयनी? वांग्यांचा काढा. ती माझ्यापरीस देखणी हायत."

मी म्हणाले, "वांग्यांना काय, कुणीही पिकवतं. पिकवणारी दिसू दे."

ती हसली आणि पाटी कमरेला लावून उभी राहिली. मागे लांबवर तिचा सालगडी बैल धरून उभा होता, तोही फोटोत आला. ह्यांनी काच घातली, मी तिचा पदर नीट केला. तेव्हा जवळून दिसलं, दोन भुवयांच्या मध्ये हिरवट गोंदण होतं. लहानपणी आईने धरून बसवून गोंदवून घेतलेलं, आमच्या भागात बहुतेक बायकांना असतं तसं. नवरा गेल्यावर कुंकू पुसतात, बांगड्या फुटतात, गोंदण मात्र जात नाही. मेल्यावरही तेवढंच बरोबर येतं म्हणतात.

तिच्या काचेला मी फारसा हात लावला नाही. उन्हाने डोळे बारीक झाले होते, ते तसेच ठेवले. गोंदण काचेवर फिकट उठलं होतं, तेही तसंच राहू दिलं. कागदावर फोटो उतरवून आम्ही तो पुण्याला पाठवला.

दिवाळी अंक आला तो ह्यांनी आधी आपलं नाव शोधण्यासाठी उघडला आणि मी फोटो बघण्यासाठी. फोटो पानभर होता. खाली लिहिलं होतं, 'कालव्याकाठचा सुखी संसार.' बाईच्या कपाळावर चांगलं ठसठशीत, गोल, काळंभोर कुंकू होतं. मागचा बैलवाला गडी तसाच उभा होता, आणि त्या कुंकवामुळे तो आता गडी दिसत नव्हता.

मी ते पान ह्यांच्यापुढे धरलं. हे म्हणाले, "अगं, त्यांच्या चित्रकाराने चुकून रंगवलं असेल. वाईट तर काही केलं नाही ना? कुंकूच लावलंय."

"कुणाच्या नावाचं लावलंय ते विचारा त्यांना," मी म्हणाले.

ह्यांनी अंक मिटला. त्या वेळी दर्शनी मात्र ठेवला नाही.

बाजारच्या दिवशी ती बारामतीला आली. दुकानाची पायरी चढताना तिने मागे दोनदा वळून पाहिलं. आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि मी पाणी दिलं ते हातात धरूनच बोलायला लागली. शाळेत ते मासिक येत होतं. तिथून ते पान गावभर झालं होतं. तिच्या थोरल्या दिराने ते चावडीवर नेऊन दाखवलं, की बघा, भावजयीने गड्याशी मोहतूर लावलाय आणि पुण्याच्या पेपरात छापूनही आणलाय. त्यांच्यात विधवेला मोहतूर, म्हणजे दुसरं लग्न, लावता येत असे, त्यात कमीपणा नव्हता. पण मोहतूर लावला की पहिल्या नवऱ्याच्या रानावरचा हक्क सुटतो. ते रान मग दिराकडे जाणार होतं. दिराने इंदापूरच्या कचेरीत अर्जही टाकला होता, हिचं नाव कमी करा म्हणून.

"गडी पळाला," ती म्हणाली. "त्याच्या बायकूनं घरात येऊ दिलं न्हाय त्याला. आन् आडावर बाया गप हुत्यात मला बघून. त्याचं कायबी वाटत न्हाय वयनी. पर रान गेलं तर मी कुठं जाऊ? माहेरी कोण न्हाय. दीर मला दारात उभं करनार न्हाय. त्ये रान हाय म्हनून मी हाय."

ह्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "दादा, तुमी लावलं का वो त्ये कुकू?"

"नाही," हे म्हणाले. "शप्पथ नाही."

"मग तेवढंच कचेरीत येऊन सांगा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीत सांगायचं म्हणजे संपादकांच्या विरुद्ध बोलायचं. मी चहाच्या निमित्ताने ह्यांना आत बोलावलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर येऊन हे तिला म्हणाले, "येतो."

तारखेला आम्ही काच घेऊन निघालो. मी ती जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर धरली होती. मोटार खड्ड्यात आदळली की माझा जीव गोळा होई. इंदापूरच्या कचेरीत मामलेदारांसमोर दीर उभा होता, धिप्पाड, पांढरं मुंडासं, हातात तो दिवाळी अंक. त्याचा वकील हसतमुख होता, आणि हसतमुख वकील मला तेव्हापासून आवडत नाहीत. ती कोपऱ्यात पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी होती.

हे सरळ बोलले. माझ्या काचेत कुंकू नाही, ते पुण्यात रंगवलं गेलं, ही काच बघा.

वकिलाने विचारलं, "तुमच्या दुकानात काचेवर पेन्सिल चालवतात?"

"चालवतात."

"वण घालवता? काळ्याचा गोरा करता?"

"थोडं करावं लागतं."

"म्हणजे असलेलं दिसेनासं करता येतं. मग या काचेवरचं कुंकू तुम्ही कालच दिसेनासं केलं नसेल कशावरून?"

  इतकी वर्षं घरात ज्या गोष्टीवरून मी भांडत होते, ती त्या वकिलाने दोन प्रश्नांत संपवली, आणि ह्यांच्याबरोबर मलाही खोट्यांच्या रांगेत बसवलं. असलेला वण आणि नसलेली माळ हा माझा फरक कचेरीत कुणाला पटवणार होते? पेन्सिल ती पेन्सिल.

मामलेदार म्हातारे आणि भले गृहस्थ वाटले. त्यांनी काचेचं गाठोडं सोडायलाही सांगितलं नाही. "काच मला वाचता येत नाही आणि तुमचा धंदा हा असा. ज्यांनी छापलं त्यांनीच छापून सांगावं, की मूळ फोटो कसा होता आणि आम्ही काय केलं. फोटोही पुन्हा छापावा. तो अंक घेऊन पुढच्या तारखेला या. तोवर नाव तसंच राहील."

दुसऱ्याच दिवशी हे पुण्याला गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. संपादक आधी काही ऐकायलाच तयार नव्हते. दिवाळीच्या अंकात बोडकं कपाळ कसं छापणार, असं त्यांनी ह्यांनाच विचारलं. मग चित्रकाराला बोलावलं. चित्रकार म्हणाला, की कपाळावर फिकट ठिपका दिसत होता, मला वाटलं उन्हाने कुंकू ओघळलंय, म्हणून जरा नीट करून दिलं.

मी कपाळावर हात मारला. "गोंदण. त्याने गोंदणाला कुंकू समजलं."

"मी सांगितलं त्यांना. त्यांच्याकडच्या बायकांना नसतं ना, त्यांना कळलं नाही. पण आता छापतो म्हणालेत. खुलासा आणि फोटो, दोन्ही."

"गोंदणाचं लिहितील ना?"

"लिहितील की," हे म्हणाले, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. नंतर कळलं, निघताना संपादकांनी ह्यांना तुमचे फोटो आता पाठवू नका असंही सांगितलं होतं. ते ह्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही.

मग आम्ही पुढच्या अंकाची वाट बघत बसलो. माझं कामात लक्ष लागेना. एका नवरदेवाच्या मिशीचं टोक मी पेन्सिलीने बुजवून टाकलं आणि तो भांडायला आला. तारीख जवळ येत होती आणि अंक येत नव्हता. अखेर तारखेला पाच दिवस उरले असताना टपालाने आला.

खुलासा मागच्या पानावर होता. 'दिवाळी अंकातील छायाचित्रात कलावंताच्या अनवधानाने एका भगिनीच्या भाळी कुंकुमतिलक उमटला. मूळ छायाचित्रात भाळावर कोणतीही खूण नव्हती. तिचे मूळ छायाचित्र येथे देत आहोत.' आणि खाली सुपारीएवढा फोटो. तिचं कपाळ स्वच्छ, गुळगुळीत, पांढरं. चित्रकाराने आता कसलीही जोखीम न घेता सगळंच पुसून टाकलं होतं. कुंकवाबरोबर गोंदणही.

"कोणतीही खूण नव्हती," मी मोठ्याने वाचलं. "अहो, खूण आहे. तिच्या कपाळावर आहे, आपल्या काचेत आहे. तारखेला तो वकील म्हणेल, हा खुलासाच खोटा, नाही तर ही बाईच दुसरी."

"मग काच परत नेऊ. गोंदण दाखवू. ते चुकले हे सांगू."

"पेन्सिलवाल्यांचं कोण ऐकतंय?"

"तरी नेऊ," हे म्हणाले. आमच्या संसारात ह्यांनी माझ्याआधी ठाम होण्याची ती पहिलीच वेळ असेल.

कचेरीच्या ओसरीवर ती आमच्याआधी येऊन बसली होती. पदर पहिल्यापेक्षाही खाली ओढलेला. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच सांगितलं, की घाबरू नकोस, छापणाऱ्यांनी पुन्हा घोळ घातलाय, पण काच आणली आहे, तिच्यात तुझं गोंदण दिसतंय, आपण मामलेदारांना सगळं समजावून सांगू.

तिने माझं मनगट धरलं. हात तापलेला होता.

"काचेचं गाठोडं सोडू नगा, वयनी."

"अगं, पण..."

"माझी आन हाय तुमास्नी. काच सोडू नगा. दादांना बी सांगा."

तेवढ्यात आत पुकारा झाला. मी ह्यांच्या कानात सांगितलं, का ते मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही आत गेलो. गाठोडं माझ्या छातीशी होतं.

मामलेदारांनी खुलासा वाचला. चष्मा वर करून फोटो बघितला. दिराच्या वकिलाने मी म्हटलं होतं तेच काढलं, शब्दाचाही फरक नाही. "रावसाहेब, खुलाशात म्हटलंय, कपाळावर कोणतीही खूण नव्हती. आमच्या अशिलाच्या भावजयीला लहानपणापासून गोंदण आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हा हा फोटो तिचा नाही, किंवा खुलासा खोटा आहे. बाईंनी पदर वर करावा, एवढंच आमचं मागणं."

मामलेदार अवघडले. मग म्हणाले, "बाई, पदर जरा वर घ्या."

तिने पदर मागे सारला.

दोन भुवयांच्या मध्ये गोंदण नव्हतं. तिथे रुपयाएवढी जागा जळून काळी-तांबडी झाली होती, कडांना पाणी धरलेलं, वर खपली येऊ लागलेली. भोवतालचं कपाळ सुजलं होतं आणि एक डोळा अर्धा मिटला होता. बिब्ब्याच्या तेलाने जाळलेली कातडी मी लहानपणी पाहिली होती. मला दुसरं काही सांगायला नको होतं. मी गाठोडं घट्ट धरलं आणि ह्यांच्या दंडाला टेकले.

"हे काय झालं?" मामलेदारांनी विचारलं.

"गुऱ्हाळाच्या चुलवानाची ठिणगी उडली, रावसाहेब."

"पण गोंदण होतं ना?"

"न्हवतं," ती म्हणाली. "छापलंय तसंच हुतं. मोकळं."

दिराचं तोंड उघडंच राहिलं. तो म्हणाला, "खोटं बोलती. म्या सोता पघितलंय." मामलेदारांनी त्याला विचारलं, की तू थोरला दीर ना, मग भावजयीचं कपाळ इतकं निरखून कधी पाहिलंस? कचेरीत कुणीतरी खाकरलं. तो खाली बघू लागला. मोहतूर कुणी लावला, कुठे लावला, कोण हजर होतं, या प्रत्येक प्रश्नाला तो हातातला दिवाळी अंकच पुढे करी. त्याच्याकडे एक छापलेलं पान होतं आणि त्याच्यावर आता दुसरं छापलेलं पान आलं होतं.

मामलेदारांनी तो सुपारीएवढा फोटो उचलला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. त्यांना ते कळलं असावं असं मला अजून वाटतं, कारण दुसऱ्यांदा वर बघताना त्यांची नजर तिच्या कपाळापर्यंत गेलीच नाही. "फोटो खुलाशाप्रमाणे आहे," ते म्हणाले. "अर्ज नामंजूर. बाईंचं नाव कायम."

गोंदण दाखवलं असतं, काच दाखवली असती, तर त्या म्हाताऱ्याने ऐकलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. ऐकलं असतं असं एखाद्या दिवशी वाटतं, आणि त्या दिवशी माझं कुणाशीच धड बोलणं होत नाही.

दीर मागे न बघता निघून गेला. आम्ही कचेरीमागच्या लिंबाखाली आलो. मी तिच्यावर ओरडलेच. "कुणी सांगितलं तुला हे करायला? आम्हाला विचारायचं तरी होतंस."

"कुनी न्हाय सांगितलं. मास्तरांनी वाचून दावलं, काय बी खून न्हवती आसं लिवलंय म्हनून. म्या म्हनलं, पुना छापा म्हनावं, गोंदाण हुतं म्हनून. ते म्हनले, तारीख आली तोंडावर, आता छापल्यालं काय बदलत न्हाय." तिने पदराचं टोक डोळ्याला लावलं. डोळ्यातून पाणी येत होतं, ते सुजेचं की कशाचं, कळत नव्हतं. "छापल्यालं बदलत न्हाय, तर मग बदलायला ऱ्हायलं कोन? मीच."

हे तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले. "चूक आमच्या लोकांची," ते म्हणाले. "आणि भोगलंस तू."

"रान ऱ्हायलं न्हवं दादा," ती म्हणाली.

मग तिने काच मागितली. मी गाठोडं सोडलं. तिने दोन्ही हातांनी काच उन्हात धरली. काचेत सगळं उलटं दिसतं, तोंड काळं आणि पदर काळा, केस पांढरे. मी तिला भुवयांच्या मधला बारीक ठिपका दाखवला, ज्याच्यातून उजेड आरपार येत होता.

"आईनं धरून बसिवलं हुतं," ती म्हणाली. "लई रडले हुते म्हनं."

तिने त्या ठिपक्यावर बोट फिरवलं. नंतर म्हणाली, "ही ऱ्हायली तर दीर कवा तरी हिच्यापातूर पोचंल," आणि मी हात पुढे करायच्या आत तिने काच लिंबाच्या बुडाशी असलेल्या दगडावर आपटली.

मग ती खाली बसली आणि एकेक तुकडा वेचून पदरात घेऊ लागली, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून.